तारेतून वास जात नाही

२०२४ साल होतं आणि मला अठ्ठ्याहत्तरावं लागलं होतं. या वयात माणसानं भांडण करायला दुसऱ्या राज्यात जाऊ नये, असं घरचे सगळे म्हणत होते. म्हणूनच गेलो. पौषातली थंडी, कानाला मफलर, खांद्यावर तांदळाची थैली आणि पोटात राग, एवढंच सामान.

भांडण कशाचं ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही.

आमचं गाव गोंदिया जिल्ह्यात, आमगावजवळ. सगळा धानाचा मुलूख. मी चौथी शिकलो, बाविसाव्या वर्षी भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये लागलो आणि साठ भरल्यावर परत येऊन वडिलांचं शेत धरलं. आमच्याकडे चिन्नोर नावाचं धान होतं. दाणा बारीक, रंग जरा मळकट, आणि शिजायला लागला की चार घरं पलीकडचा माणूस विचारणार, आज पाहुणे कोण आले? कारण घरचे लोक चिन्नोर खात नाहीत. घरी जाडा तांदूळ. चिन्नोर पाहुण्याला आणि गिऱ्हाइकाला.

नोकरीत होतो तेव्हापासून दर पौषात मी भिलाईला चिन्नोर न्यायचो. आपल्या विदर्भाकडची पुष्कळ घरं तिथं होती, ती वाट पाहायची. निवृत्त झालो तरी ती फेरी सोडली नाही. विकायची आमची एक रीत होती. पोतं उघडायच्या आधी वानगी शिजवायची. गिऱ्हाइकाच्या घरी, गिऱ्हाइकाच्या चुलीवर, मूठभर. मीठ नाही, वरण नाही, नुसता भात. विकणाऱ्यानं आणि घेणाऱ्यानं एका ताटात खायचा. पसंत पडला तर पोतं, नाहीतर राम राम. पहिली वानगी नेहमी भीमरावकडे. भीमराव आणि मी कोक ओव्हनला एका पाळीत होतो. तो भंडाऱ्याकडचा, बौद्ध, मी कुणबी. त्या काळी माझ्या गावात मी त्याच्या ताटात जेवलो असतो तर आईनं मला अंगणात झोपवलं असतं. भिलाईत कोणी विचारलं नाही. भट्टीसमोर सगळे सारखेच काळे.

मग आमच्या गावात नेट आलं. आधी पंचायतीत, मग घरात. माझी नात प्राची कॉलेज करून घरी बसली होती, तिनं मोबाईलवर चिन्नोरचं दुकान मांडलं. खोटं कावून बोलू, पोरगी हुशार. गावात चिन्नोर लावणारी पाचच घरं उरली होती, बाकीच्यांनी जास्त पिकणारं धान धरलं होतं. त्या पाचही घरांचा तांदूळ तिनं नागपूर, रायपूर, कुठं कुठं पाठवला. आम्हाला दाम बरा मिळाला आणि पुढच्या साली आणखी दोन घरांनी चिन्नोर लावला. पोस्टमनसारखा एक माणूस दारात येऊन डबे उचलून नेऊ लागला. मला भिलाईला जायची गरज उरली नाही. तीन वर्षं गेलो नाही.

एवढ्यात एका बाईनं दुकानाखाली लिहिलं, तांदूळ फोटोत इतका मळका कावून दिसतो? मला ते लागलं. माझा तांदूळ मळका? मी स्वतः गिरणीवर जाऊन बसलो आणि पॉलिश वाढवायला लावली. दाणा असा निघाला की मोगऱ्याची कळी. फोटो पाहून लोक वाहवा करू लागले. मी मिशीला पीळ दिला.

आणि त्यानंतर भीमरावच्या घरून हे लिहून आलं. प्राचीनं वाचून दाखवलं, खाली मान घालून:

"नारायण, येड्या, हा चिन्नोर नाई. कोनाले उल्लू बनवून राहिला? म्हतारा झाला तं नाक घरी ठेवून दे."

दुकानाखाली, सगळ्या दुनियेला दिसेल असं. त्याखाली लोकांनी विचारायला सुरुवात केली, असली आहे का नकली? ऑर्डरी थांबल्या. पेरणीला अजून वेळ होता, पण सातही घरं माझ्या तोंडाकडे पाहू लागली. चिन्नोर ठेवायचा का सोडायचा, हे आता भीमरावच्या त्या दोन ओळींवर येऊन ठेपलं होतं.

प्राची म्हणाली, "आबाजी, फोन लावून देऊ का त्यायले?"

म्हटलं, "फोनवर भांडतात ते भेकड. मी जातो."

गाडीत

आमगावहून सकाळची पॅसेंजर धरली. सालेकसा सोडलं की डोंगर आणि जंगल जवळ येतं, डोंगरगडला देवीचा डोंगर खिडकीत उभा राहतो, आणि तिथून भाषा बदलते. चहावाला मराठीत बोलत बोलत छत्तीसगढीत कधी शिरला ते समजत नाही. पूर्वी या डब्यात माणसं एकमेकाला विचारायची, कोण गावचे, कोणाचे. बिड्या पेटायच्या, पोरं या मांडीवरून त्या मांडीवर जायची. यंदा सगळे खाली माना घालून आपापल्या फोनमध्ये. एका पोराला विचारलं, दुर्ग किती दूर? त्यानं खिडकीबाहेर पाहिलंच नाही, फोनात पाहून सांगितलं.

मी मनात म्हटलं, मला नाही लागत कोणाचा फोन. पन्नास वर्षं या लायनीवर फिरलो. आणि त्याच घमेंडीत डुलकी लागली. जाग आली तेव्हा माझं उतरायचं पॉवर हाउस स्टेशन मागं पडलं होतं. उतरलो भिलाई-तीनला.

तिथं चहा घेतला. नोट पुढं केली तर चहावाला म्हणाला, "छुट्टा नहीं है बाबा, स्कैन कर दो." माझ्याकडे बटनांचा फोन. त्यानं तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला, जणू मी कंदील घेऊन आलोय. शेवटी म्हणाला, "रहने दो, मेरी तरफ से." चहा फुकटात प्यायलो आणि राग दुप्पट झाला. मी कोणाचं फुकट खात नाही. थैलीतून ओंजळभर तांदूळ काढून त्याच्या ठेल्यावर ठेवला आणि मागं सेक्टरकडे निघालो.

सेक्टर

ज्यांनी भिलाई पाहिली नाही त्यांना वाटतं, लोखंडाचं गाव म्हणजे धूळ आणि धूर. धूर आहेच. पण प्लांटच्या वसाहतीतले सेक्टर म्हणजे झाडं. आम्ही नवीन होतो तेव्हा ती गुडघ्याएवढी होती. आता रस्त्यावर सावलीचा बोगदा होतो. पाळी सुटायची तेव्हा या बोगद्यातून सायकलींचा पूर यायचा. हजारो घंट्या एकदम. मी आणि भीमराव शेजारी शेजारी, एकाचा हात दुसऱ्याच्या खांद्यावर, म्हणजे एकानंच पायडल मारायचं. तो हरामखोर नेहमी पायडल बंद करायचा.

यंदा गेलो तेव्हा पाळी सुटायचीच वेळ होती. सायकल तुरळक. मोटरसायकली गेल्या, कारी गेल्या. रस्त्याच्या कडेनं लांबच लांब नाली खणलेली, त्यात नारंगी पाइप टाकणं चाललेलं. खणणाऱ्याला विचारलं, पाणी का? म्हणाला, "नहीं दादा, फाइबर. तेज वाला." नालीत एका कडुनिंबाची मुळं तोडलेली दिसली, पांढरीशुभ्र, ओली. मी हात लावून पाहिला. झाड वरून हिरवंच होतं. त्याला अजून पत्ता नसावा.

बाजारात कॅसेटचं दुकान होतं, तिथं आता पार्सलं ठेवतात. टेलिफोनची पेटी होती, जिथून आम्ही गावाला मरणाच्या आणि बारशाच्या बातम्या कळवायचो, तिथं मोमो विकतात. चपलांच्या दुकानाला कुलूप. कबाडीवाल्याच्या हातगाडीवर मात्र पुठ्ठ्याच्या खोक्यांचा डोंगर. त्याला म्हटलं, धंदा बरा दिसतो. तो हसला. "घर घर से डिब्बा निकलता है बाबूजी. पहले लोग बाजार जाते थे थैला लेकर, अब बाजार आता है डिब्बे में." त्या डोंगरात आमच्या दुकानाचं खोकं दिसलं. प्राचीनं हौसेनं छापून घेतलेलं, त्यावर माझाच फोटो, पागोटं घातलेला. माझ्या तोंडावर कोणीतरी दोरी बांधली होती.

भीमरावचं घर

भीमरावचा मुलगा प्लांटमध्येच आहे, त्याच्या नावावरच्या क्वार्टरमध्ये बापलेक राहतात. फाटक उघडलं तर भीमराव उन्हात खुर्ची टाकून बसलेला. तो मला "राम राम" म्हणतो आणि मी त्याला "जय भीम". पन्नास वर्षांची सवय. त्या दिवशी मी काहीच म्हटलं नाही. थैली त्याच्या पायाशी आदळली.

"मले येडा म्हनतं?"

तो वर पाहून म्हणाला, "बस बे. पानी घे."

"पानी नाई पायजे. माह्या नातीच्या दुकानात येऊन माही इज्जत काढली. दुनियेनं वाचलं."

"दुनियेनं?" त्याची खुर्ची करकरली. "कोनती दुनिया? म्या तं तुले लिवलं."

आतून त्याची सून सुजाता आली, कानाला यंत्र लावलेलं. ती घरातूनच बंगलोरच्या कंपनीचं काम करते. मला नमस्कार करून म्हणाली, "काकाजी, दो मिनट, मीटिंग सुरू आहे," आणि परत आत. तिची स्कूटी व्हरांड्यात चादर पांघरून उभी होती. महिनोन्‌महिने बाहेर निघत नाही, असं नंतर समजलं. पेट्रोल वाचतं, धूर वाचतो. आणि शेजारच्या बाया दुपारी कोणाकोणाकडे बसायच्या, तेही वाचतं.

मीटिंग सुटल्यावर उलगडा झाला. भीमरावला मोबाईलमध्ये बोललं की लिहिलं जातं, एवढं सुनेनं शिकवलं होतं. तांदळाच्या दुकानावर माझा फोटो दिसला, खाली लिहायची जागा दिसली. त्याला वाटलं, ज्याचा फोटो त्याला चिठ्ठी जाते. तोंड घातलं आणि पन्नास वर्षं बोलतो तसा बोलला.

सुजाता कपाळाला हात लावून म्हणाली, "बाबा, ते सगळ्यांना दिसतं! मैंने बोला था ना, पूछ के लिखा करो."

"फोटो याचा होता नं? मंग मानूस कुठं जाईन, फोटोजवळच जाईन," भीमराव म्हणाला. मग माझ्याकडे पाहून हळू आवाजात, "माफी मागतो बे. चारचौघात नाई म्हनाले पायजे होतं."

माझा अर्धा राग तिथंच उतरला. अर्धा हातात धरून ठेवला. म्हटलं, "पुसून टाक मंग ते. लिव की तांदूळ असली हाय."

"पुसतो. पन असली नाई."

"भीम्या!"

"शिजव. वानगी शिजव. आपली रीत तं आहे का नाई अजून? का तेबी कुरियरनं पाठवतं?"

तीन वर्षांत आमच्या तांदळाची वानगी कोणीच शिजवली नव्हती. गिऱ्हाइकाकडे आम्ही जात नव्हतो, आणि घरी खायची रीत नाही. गिरणीतून खोक्यात, खोक्यातून गाडीत.

वानगी

सुजातानं माझ्या थैलीतला तांदूळ चढवला. मी उंबऱ्यात बसलो, नाक वर करून. पाणी उकळलं, झाकण नाचलं. भाताचा वास आला. कोणत्याही भाताचा येतो तसा.

"पानी जास्त पडलं," मी म्हटलं.

सुजाता म्हणाली, "काकाजी, तुम्हीच मोजून दिलं."

"मंग भांडं खराब. ॲल्युमिनियम."

भीमराव उठून मागच्या परसात गेला. मी मागोमाग. मोरीचं पाणी जिथं जातं तिथं कापलेल्या धानाची बुडखं उभी होती, खाटेएवढ्या जागेत.

"हे काय?"

"तुह्या झालरीचं," तो म्हणाला.

दर साली तांदळासोबत मी लोंब्यांची एक झालर विणून आणायचो. छत्तीसगढात ती दाराला टांगतात, चिमण्यांनी खावी म्हणून. आमच्याकडे नाही ही रीत, मी इथंच शिकलो. त्याच्या दारावर माझी झालर साल साल लोंबायची. शेवटच्या झालरीतलं चिमण्यांनी सांडलेलं धान मोरीत वाहत गेलं आणि उगवलं. त्यानं ते उपटलं नाही. वाढवलं, कापलं, त्यातलं काही परत पेरलं. तीन साल.

"खोक्यातून झालर येत नाई नं," तो म्हणाला. "चिमन्या येऊन दाराच्या खिळ्यावर बसाच्या. मले लाज वाटे."

डब्यातलं ओंजळभर धान त्यानं खलबत्त्यात टाकलं आणि कांडायला बसला. मी खलबत्ता ओढून घेतला. "दे इकडं. तुले कधी आलं हे? पायडलबी मीच मारत होतो." कांडलं, सुपात पाखडलं. मळकट, तुटका, कोंड्याची साल अंगावर असलेला तांदूळ निघाला. कोणी फोटो काढला असता तर एक दाणा विकला गेला नसता.

तो चढवला. आणि झाकण हलायच्या आधीच आला.

तो वास मी सांगू शकत नाही. हिवाळ्यात पहाटे खळ्यावर झोपलेलं असताना नाकात शिरतो, तो. आई पाहुण्यांना वाढायची आणि आम्ही पोरं दाराआड उभं राहून नुसतं ओढून घ्यायचो, तो. शेजारची पंजाबी बाई कंपाउंडवरून ओरडली, "सुजाता! कौन आया है?"

सुजातानं कानातलं यंत्र काढून ठेवलं होतं. "हे... हाच होता का? मी लग्न होऊन आले तेव्हा घरात हा वास यायचा. मला वाटलं, माझंच नाक बदललं."

भीमरावनं एकच ताट आणलं. दोन ढीग वाढले, पांढरा आणि मळका. आम्ही खाली बसलो. पांढरा आधी खाल्ला. मग तो. पांढऱ्याकडे हात परत गेला नाही, ना त्याचा ना माझा.

बी तेच. शेत तेच. मग वास गेला कुठं? गिरणीवर जो कोंडा जास्तीचा निघाला होता त्यात गेला. तो कोंडा आमच्या म्हशींनी खाल्ला. गिरणीवर पाटावर बसून, मिशीला पीळ देत, मीच त्यांना तो खाऊ घातला.

हे मला ताटावरच कळलं. भीमरावनं विचारलं, "काय म्हनतं?"

म्हटलं, "मीठ पायजे होतं."

तो हसला नाही. खरकटं ताट उचललं आणि मोरीकडे गेला. त्यानं ओरडायला पाहिजे होतं. संध्याकाळी आम्ही फाटकात उभे राहून पाळीवरून येणारी माणसं पाहिली. जुनी नावं काढली. कोण गेलं, कोण मुलाकडे पुण्याला गेलं. तांदळाचं नाव दोघांनीही काढलं नाही. जेवताना तो म्हणाला, "सुजाता पुसून देईन ते. तुले तरास नाई होनार." मी हूं म्हटलं. पुसलं की ऑर्डरी सुरू होणार होत्या. सात घरं पेरणार होती. आणि आम्ही पांढरा पाठवत राहणार होतो, चिन्नोर म्हणून.

सकाळ

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो तेव्हा सुजाता चिला करत होती, तांदळाच्या पिठाचा. आमच्याकडे त्याला आयते म्हणतात, आणि आमचे पातळ असतात. तिला तसं सांगितलं. मग म्हटलं, "बाई, प्राचीले फोन लावून दे."

प्राची घाबरूनच बोलली. "आबाजी, भांडले का?"

"नाई. ऐक. भीमराव खरं बोलला. वास नाई. पॉलिशीनं गेला, अन् पॉलिश मीच केली. मी तसं लिवतो म्हनतो. पन दुकान तुहं आहे. तू नाई म्हनशील तं नाई लिवत."

फोनात मागं गावातला कोंबडा आरवला, तो भिलाईत स्पष्ट ऐकू आला.

"लोक सोडून जातीन, आबाजी."

"जातीन."

"पाच घरं उरतीन. नाईतं तेबी नाई."

"आपलं एक तं राहीन."

ती म्हणाली, "लिवा मंग. मी फोटो बदलवतो. मळकाच टाकतो."

भीमराव मफलर गुंडाळत बाहेर आला तेव्हा मी सुजाताच्या कॉम्प्युटरसमोर खुर्चीत बसलो होतो. तिनं जागा उघडून दिली. भीमरावची ओळ तिथं होती, अजून पुसलेली नव्हती.

"हे पुसू ना काकाजी?"

"हात नको लावू त्याले. त्याच्या खाली लिव." आणि मी सांगत गेलो, ती लिहीत गेली. भीमराव बरोबर आहे. तांदूळ चिन्नोरच, पण पांढरा दिसावा म्हणून मी त्याचा वास घालवला. ज्यांनी नेला त्यांनी परत पाठवावा. पुढचा मळका येईल. आधी मूठभर शिजवून पाहा, मग बाकीचा ठेवा.

सुजाता थांबली. "नाव काय टाकू? दुकानाचं?"

"माहं. बापाच्या नावासकट."

तिनं लिहिलं आणि बटन दाबलं. मी विचारलं, गेलं? म्हणाली, गेलं. मी उठलो. भीमराव दारात उभा होता, त्याला म्हटलं, "जय भीम."

तो म्हणाला, "राम राम. चिला थंडा होऊन राहिला."